दोन ठिपक्यांचा साबण

आख्ख्या मुळशी तालुक्यात इतक्या लोकांच्या न्हाणीत शिरून बी मार न खाल्लेला माणूस बघायचा आसंल तर माझ्याकडं या. एकदा केरसुणी बसली, पर ती पाठीवर बसली आन मारणारी म्हातारी ऐंशीच्या पुढची व्हती, म्हणून ती मी धरत न्हाई.

न्हाणीत कशापायी शिरलो ते सांगतो. बायकूच्या साबणापायी.

आमी लवळ्याच्या खालच्या अंगाला राहतो. निम्मं रान इकलं, उरलेल्यात भात करतो, आन घरावर चार खोल्या काढल्यात त्या भाड्यानं देतो. भाडेकरू समदे हिंजवडीला जाणारे. ते सकाळी बाहीर पडले की मी पाण्याची मोटार चालू करायची आन टाकी भरली की बंद करायची. ह्याला मी धंदा म्हणतो. बायकू ह्याला बटण दाबणं म्हणती.

वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक ताई राहते. अमरावतीकडची, कंपनीत कंप्युटरवर असती. सुट्टीच्या दिशी ती फोनवर बघून घरच्या घरी साबण करायची. तिच्या ओट्यावर जागा पुरंना म्हणून एकदा पातेली घेऊन खाली आमच्या सैपाकघरात आली, आन तवापासनं बायकू तिच्या नादाला लागली. खोबरेल तेल, थोडं एरंडेल, आन कॉस्टिक सोड्याचं पाणी. सोडा लई वंगाळ, हातावर उडला तर कातडी सोलून निघती, म्हणून दोघी हातमोजे आन मोठाले चष्मे घालून बसायच्या. पहिल्यांदा दारातनं बघितलं तवा मला वाटलं, घरात कुणाचं तरी आपरेशन चाललंय.

साबण करणं सोपं. आवघड हाय तो वास. तेल आन सोडा घोटून पिठल्यावाणी दाट झालं की शेवटाला वासाचं तेल घालायचं, आन हितंच समदी गंमत. बाटलीत एक वास आसतो, साबणात दुसरा येतो, आन महिनाभर वाळल्यावर तिसराच निघतो. गुलाबाचं तेल घातलं तर पातेल्यातल्या पातेल्यात सिमिट झालं. घोटायचं मशीन आत उभं राहिलं, हात सोडला तरी पडंना. मोगरा घातला तो आठ दिवसात कुटं गेला त्याचा पत्ता न्हाई. व्हॅनिला घातलं तर पांढराशुभ्र साबण गुळाच्या ढेपंवाणी तांबडा झाला. म्या त्यातला एक तुकडा चहात टाकाया घेतला व्हता. कपापासनं बोटभर लांब राहिला म्हणून वाचलो.

आसं करता करता चार वास टिकले. लव्हेंडर, केवडा, ती व्हॅनिला, आन गवती चहा.

लवळ्यात टेकडीवर, कॉलेजांच्या अंगाला, पोरींच्या हॉस्टेलासमोर एका मॅडमचं दुकान हाय. ताईनं बायकूला तितं धाडलं. मॅडमनी चारी वड्या हुंगल्या आन म्हणल्या, "छान आहेत हो. पण एकच वास निवडून आणा, चार वासांत मुली गोंधळतात. सुट्टी संपून मुली परत आल्या की मी मांडते. चालला तर कायम घेईन. नाही चालला तर मात्र मला परत विचारू नका."

बायकू रिक्षातनं उतरली ती चपला न काढताच सैपाकघरात उभी राहिली.

"एकच वास," म्हणली. "एकदाच."

मला तिचं तोंड आजून दिसतंय. लगीन झाल्यापासनं तिनं केलेलं कुणी लांबच्या माणसानं मागून घेतलं न्हवतं. भाकरी केल्या त्या आमी खाल्ल्या. भात लावला त्यो माझ्या नावानं इकला. हे पहिलंच काम तिच्या हाताचं, तिच्या नावाचं, आन ते एका वासावर आडलं व्हतं.

तिचं सोताचं मन केवड्यावर व्हतं. तिनं तसं बोलून दाखवलं न्हाई, पर बाकीच्या वड्या ती हुंगून खाली ठेवायची आन केवड्याची हुंगून हातात धरून बसायची. म्या म्हणलं, "मंग केवडाच कर की."

"मला आवडतुया म्हणून काय झालं? मला अंगाला लावायचा न्हाई, इकायचाय. वाडीला इचारू."

म्हणून तिनं वाडीतल्या धा घरांत चार-चार वड्या दिल्या. नाव सांगितलं तर लोकं नावावर जात्यात, म्हणून तिनं काडेपेटीच्या काडीनं ठिपके पाडले. लव्हेंडरला एक, केवड्याला दोन, व्हॅनिलाला तीन, गवती चहाला चार. म्हणली, आंघोळ करा आन कुठला ग्वाड वाटला त्यो सांगा.

आता आमच्याकडची एक रीत हाय. फुकाट घरी आलेल्या वस्तूला कुणी नाव ठेवत न्हाई. दहाच्या दहा घरांनी सांगितलं, लई भारी. कुठला? समदे. ती गुळाच्या ढेपंवाणी दिसणारी वडी? ती तर लईच भारी. एक वैनी म्हणली, "जाऊबाई, तुमी केलाय म्हंजी काय बघायचं काम हाय का?" बायकू घरी येऊन कपाळाला हात लावून बसली.

"चाळीस वड्या वाटल्या आन सांगितलं कुणी काय न्हाई. आता ठरवू कसं?"

तवा माझ्या डोक्यात परकाश पडला. माझ्या डोक्यात परकाश पडला की घरातली माणसं भांडी आवरून ठेवत्यात, पर त्या दिशी ती दमली व्हती, ऐकत बसली.

"हे बघ," म्या म्हणलं, "माणूस भीडंनं बोलतो. साबणाला भीड न्हाई. जो आवडला त्यो लोकं रोज वापरणार, जो रोज वापरला त्यो झिजणार. पंधरा दिसांनी कुठला जास्ती झिजला ते बघायचं. त्यो जिकला."

तिनं माझ्याकडं बघितलं. वीस वर्सांत पहिल्यांदा मी शाणं बोललोय का काय, आसं तिला वाटलं आसणार. मला बी वाटलं.

"पर बघणार कोण? मी कुणाच्या न्हाणीत कशी जाऊ?"

"मी जातो की."

"तुमी?"

"मला कुठं लाज हाय."

"ते ठावं हाय मला."

पंधरा दिसांनी मी निघालो. ताईचा सोडा मोजायचा छोटा वजनकाटा पिशवीत घातला, कानावर पेन, खिशात वही. दार वाजवायचं, "वैनी, जरा न्हाणी बघू," म्हणायचं, आत जाऊन वड्या काट्यावर ठेवायच्या आन लिहून घ्यायचं. वैनी दारात उभ्या राहून एकमेकींकडं बघायच्या. तिसऱ्या घरात मी वाकून वजन बघतोय तवर मागनं केरसुणी बसली. म्हातारी वरडली, "भर दुपारच्याला साबण चोरतुया! काय दिवस आले माणसावर!" तिला समजावून सांगितलं की आजी, मी परीक्षा घेतोय. ती म्हणली, "तू कवा पास झालास का परीक्षेला?" खरंच हाय. मी चवथीत दोनदा बसून घरी आलेला माणूस.

पर निकाल आसा निघाला की मी खूश. चार ठिपक्यांची वडी जितं तितं झिजून पापडी झालेली. चुलत भावाच्या न्हाणीत तर नुसती कड उरली व्हती. म्या त्याला इचारलं, "कसा काय वाटला रं ह्यो?"

"एक नंबर!" त्यो म्हणला. "आजून हायेत का? लागत्याल मला."

म्या वहीत लिहिलं, एक नंबर. कुणाला लागत्याल, कशाला लागत्याल, हे इचारायचं माझ्या डोक्यात आलं न्हाई. पाहणी कराया गेलेला माणूस जास्ती बोलत नसतो, आसं मला वाटायचं.

लव्हेंडर आन व्हॅनिला मधल्यामधी. आन दोन ठिपक्यांची वडी कुठल्याच न्हाणीत न्हाई. एका बी न्हाई. चुलतीला इचारलं, "काकी, दोन ठिपक्यांचा कुटंय?"

"हाय की. ठेवलाय."

"वापरला न्हाईस?"

"आरं, ठेवलाय म्हनतीया न्हवं."

म्या मनात म्हणलं, बघा, म्हातारीला आवडला न्हाई पर बोलवत न्हाई. पुढच्या घरात तेच. "ठेवलाय, भावजी." त्याच्या पुढच्या घरात बी, "ठेवलाय." दहा घरं, दहा वेळा ठेवलाय. म्या वहीत दोन नंबरावर आडवी रेघ मारली. नापास.

घरी येऊन सांगितलं तवा बायकू भाकरी थापत व्हती. हात थांबला.

"केवडा कुणीच न्हाई? एकदा बी न्हाई?"

"पाणी सुदीक लागलं न्हाई त्याला. गवती चहा घे डोळे झाकून. माझा काटा खोटं बोलत न्हाई."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. ती उलटता उलटता म्हणली, "बरं झालं इचारलं ते. माझ्या मनावर गेली आसती तर फसली आसती."

हे वाक्य मला आजून टोचतंय. 

दुसऱ्या दिशी ताईनं आन तिनं मिळून गवती चहाच्या शंभर वड्यांचा माल घातला. आमच्या एका रिकाम्या खोलीत फळ्यांवर वड्या मांडल्या. साबणाला वाळाया महिना तरी लागतो. मधल्या वाटंनं मी रोज जाऊन वड्या उलट्यासुलट्या करायचो आन सोताला कारखानदार समजायचो.

मॅडमकडं माल द्यायला आठ दिवस उरले आसतील तवा चुलत भावाच्या नातीचं बारसं आलं. मांडवात पुरुष माणसं सुपारी कातरत बसलेली, आत बायका पाळण्याभवती दाटीवाटीनं. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, आन आमची मंडळी आतनं बाहीर आली. तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं, पाळण्यातलं पोर पडलं का काय.

"अवो, आत चला. वास घ्या."

"बायकांत? म्या?"

"न्हाणीत शिरताना न्हवती लाज, आता कुटनं आली? चला!"

मी उंबऱ्यात उभा राहिलो आन नाक वर केलं. तिथं पंधरा-वीस बायका, समद्या ठेवणीतल्या साड्या नेसून. एक पैठणी, चार काठपदर, बाकी लग्नात आलेल्या. आन त्या समद्यांमधनं एकच वास येत व्हता. केवड्याचा. आख्खी खोली केवडा झाली व्हती.

बायकू चुलतीसमोर जाऊन बसली. "आत्याबाई, तुमच्या लुगड्याला वास कशाचा वो येतुया?"

"कशाचा म्हंजी? तुझ्याच साबणाचा की गं. ट्रंकंत घातलाय, कापडांत." म्हातारीनं पदर हुंगून दाखवला. "आधी केवड्याचं कणीस मिळायचं, ते आमी कापडांत ठेवायचो. आता कुटं मिळतंय? तुझा साबण बघितला आन म्हनलं, बाई, देवानंच धाडला."

"आन आंघोळीला लावला न्हाई?"

"केवडा काय अंगाला चोळून मोरीत सोडायचाय व्हय? येडी का काय तू?"

मागच्या समद्या बायका माना हालवाया लागल्या. एकीनं कपाटात ठेवलेला, एकीनं पोरीच्या रुखवताच्या पेटीत. एक वैनी म्हणली, "मी तर सासूबाईंना हात लावू देत न्हाई." तिची सासू म्हंजी केरसुणीवाली. ती बी तितंच बसली व्हती. "रातचा मी काढून हुंगते, तुला काय कळतंय," म्हणली.

बायकूनं जीव मुठीत धरून इचारलं, "आन चार ठिपक्यांचा?"

"गवती चहाचा का? त्यो तुझा दीर बैलांना लावतुया. माशा बसत न्हाईत. त्याचं बघून समदी वाडी लावती."

मांडवातनं चुलत भाऊ वरडला, "वैनी, टेम्पो बी लई चकाचक निघतो! आजून द्या!"

माझ्या डोक्यात मंग एकेक यायला लागलं. मी निकाल सांगितला त्या दिशी बायकूनं आपली सोताची केवड्याची वडी उचलली आन कपाटात साड्यांच्या कप्प्यात ठेवली व्हती. माझ्या डोळ्यांदेखत. दहा घरं काटा घेऊन फिरलो, आन माझ्या घरातलं कपाट मला दिसलं न्हाई. जी वस्तू लोकांनी सोन्यावाणी जपून ठेवली तिला मी नापास केलं, आन बैलानं झिजवलेली पहिली आणली.

बायकू बाहीर पायरीवर जाऊन बसली. शिव्या पडत्याल म्हणून मी चार पावलं लांबच उभा राहिलो. तिनं एक शिवी दिली न्हाई. नुसतं म्हणली, "माझं नाक मला सांगत व्हतं. म्या त्याचं ऐकलं न्हाई, तुमच्या काट्याचं ऐकलं."

ह्यापरीस शिव्या बऱ्या व्हत्या.

नवा केवडा घालायचा तर महिना पायजे, आन हातात आठ दिवस. घरात तयार केवडा व्हता तो फकस्त तिच्या कपाटातला एक. तिनं तोंडावर पाणी मारलं आन म्हणली, "मॅडमना खरं सांगते. पर दाखवाया चार वड्या तरी पायजेत. एकीनं काय दिसणार?"

हे चुलतीनं ऐकलं. म्हातारीला कमी ऐकू येतं आसं समदे म्हणत्यात, पर नको ते समदं ऐकू येतं. ती काठी टेकत उठली आन मांडवात उभी राहून वरडली, "आगं बायांनो, हिचा केवडा हिला द्या! लेकराचं काम आडलंय!"

आन मंग जे झालं ते म्या जलमात इसरणार न्हाई. बायका जेवणाची पानं वाढायची सोडून, ठेवणीतल्या साड्या नेसूनच, आपापल्या घरी गेल्या आन वड्या घेऊन आल्या. एक ब्लाऊजपीसमधी गुंडाळलेली. एक डांबर गोळ्यांच्या शेजारी राहून निम्मी डांबर झालेली. एकीच्या वडीला पैठणीची जर चिकटलेली. केरसुणीवाल्या म्हातारीनं आपली दिली तवा आधी दोनदा हुंगली. "परत दे हां," म्हणली. मंग इचार करून म्हणली, "परत देताना नवी दे."

साबण तो काय, पर त्यांना तो देताना जीवावर आलेला मी बघितला, आन तरी त्यांनी दिला. मला कुणी काय म्हणलं न्हाई. माझ्या न्हाण्या-न्हाण्यांच्या फेऱ्यांचं कुणी नावसुदीक काढलं न्हाई. मी मांडवाच्या खांबामागं जाऊन नाक शिंकरलं. चुलत भाऊ म्हणला, "रडतोस का रं?" म्या म्हणलं, "केवड्यानं शिंका येत्यात मला." देवानं आसली वाडी दिली आन आसली बायकू दिली, ह्याच्या बदल्यात म्या काय केलं आसंल मागच्या जलमात? ह्या जलमात तर बटण दाबण्यापलीकडं काय केलेलं न्हाई.

आठव्या दिशी आमी दोघं गाडीवरनं टेकडी चढून मॅडमच्या दुकानात गेलो. माझ्या पुढं खोक्यात गवती चहाच्या वड्या, तिच्या मांडीवर पिशवीत केवडा.

मॅडमनी आधी खोकं उघडलं. गवती चहाची वडी हुंगली आन म्हणल्या, "अरे वा, मस्त फ्रेश वाटतंय. हाच निवडलात ना? ठेवून जा सगळ्या."

माझा जीव भांड्यात पडला. काम झालं व्हतं. म्या बायकूला डोळ्यांनी खूण केली, चल, गप निघू. ती हालली न्हाई.

"मॅडम, खोटं कशाला बोलू. ह्यो आमच्याकडं बैलांना लावत्यात."

मॅडमनी वडी नाकापासनं लांब धरली. मी दुकानाच्या छताकडं बघाया लागलो, पंखा छान व्हता. बायकूनं समदं सांगितलं. ठिपके, काटा, न्हाणी, बारसं. मंग पिशवीतल्या नऊ-दहा वड्या काउंटरवर ठेवल्या, जर चिकटलेली सुदीक. "आमच्या बायकांनी हा वापरला न्हाई, कारण त्यांना लई आवडला. तुमाला पायजे आसंल तर महिना द्या. नगं आसंल तर पुन्हा इचारणार न्हाई, तुमी म्हणला तसं."

मॅडम काय बोलणार, तवर त्यांचा फोन वाजला. त्यांनी एका हातात फोन घेतला, दुसऱ्या हातात केवड्याची एक वडी. बोलत बोलत वडी हुंगली. परत हुंगली. मंग फोनवर कुणाला तरी रागं भरत भरत, आपलं ध्यान न्हाई आसं, त्यांनी खालचा खण उघडला, त्यात घडी करून ठेवलेल्या शालीखाली वडी सरकवली आन खण बंद केला.

बायकूनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. जोरात. मला लई बरं वाटलं.

फोन ठेवून मॅडम म्हणल्या, "महिन्यानं आणा. हाच. आणि कागदात गुंडाळून आणा, वर लिहा की कपड्यांतही ठेवता येईल." मंग खोक्याकडं बघून म्हणल्या, "यातल्याही वीस राहू द्या. हॉस्टेलमध्ये माश्या फार आहेत."

बायकू खोक्यातल्या वीस वड्या मोजून काढाया लागली, आन आकडा चुकत व्हता म्हणून परत परत मोजत व्हती. मी हात जोडले. मॅडमना जोडले, खणाला जोडले, कुणाकुणाला जोडले मला ठावं न्हाई.

पर मी गप राहणारा माणूस न्हाई. मॅडमनी बिल लिहिता लिहिता सहज इचारलं, "वाडीत एवढं फिरून टेस्टिंग कुणी केलं मग?"

म्या छाती फुगवली. "म्याच! खरं सांगू का मॅडम, मी जर काटा घेऊन घरोघर फिरलो नसतो ना, तर ह्यो केवडा आज तुमच्या दुकानात आला नसता."

बायकूनं मोजणं थांबवलं न्हाई, मान बी वर केली न्हाई.

"हे घरी बसले आसते, तर आज केवड्याच्या शंभर वड्या आल्या आसत्या."